पाळीआधीची सूज आणि चिठ्ठीशिवाय मिळणारी लघवीची गोळी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. पाळी यायच्या चार-पाच दिवस आधी तुमचं पोट टम्म फुगतं, बोटातली अंगठी निघत नाही, काट्यावर दीड किलो वजन जास्त दिसतं आणि पाळी सुरू झाली की दोन-तीन दिवसांत सगळं ओसरतं. मैत्रिणीनं पामाब्रोम नावाची गोळी सुचवली. ती बऱ्याच ठिकाणी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते, "अगदी सौम्य आहे" असं तिचं म्हणणं. घ्यावी का, किती दिवस घ्यावी, आणि दर महिन्याला घेतली तर किडनीला काही होईल का, हे तुम्हाला विचारायचं आहे.

तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते, पण त्याआधी तुम्ही न विचारलेला एक प्रश्न सोडवावा लागेल. तुमचं जे फुगतंय ते पाणी आहे, की आतड्यातली हवा? मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून बावीस वर्षं काम करते आहे. "मॅडम, अंगात पाणी साठतं" असं म्हणत येणाऱ्या पुष्कळ बायकांच्या पायावर, हातावर सुजेची खूणही नसते. मात्र पोट खरोखर डब्ब झालेलं असतं. त्यांना काहीतरी भास होतोय असं अजिबात नाही, तडस लागलेली असते, नाडी आवळता येत नाही. पण ती तडस आतड्यांची असते. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे स्नायू सैल पडतात, त्यात आतड्याचेही आलेच. पाळीआधीच्या दिवसांत आतडं सुस्तावतं, शौचाला साफ होत नाही, हवा अडकते. पाळी सुरू होताना प्रोस्टाग्लँडिनं (स्नायू आवळायला लावणारी रसायनं) सुटतात आणि आतड्याला उलट वेग येतो. म्हणून कित्येकींना पहिल्या दिवशी पातळ शौचाला होतं आणि पोट एकदम मोकळं वाटतं. या प्रकारात लघवी वाढवणारी गोळी घेऊन काय होणार? लघवीला चार वेळा जास्त जाल, आणि शरीरातलं पाणी कमी झाल्यानं मळ आणखी घट्ट होईल.

खरं पाणी साठतं तेव्हा ते सगळीकडे दिसतं. अंगठी घट्ट होते, मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ संध्याकाळी खोल उमटतो, स्तन जड आणि दुखरे होतात, सकाळी पापण्या सुजलेल्या वाटतात. नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा आणि उचला. खळगा राहिला तर तिथं पाणी आहे. (पाळीआधीची सूज बहुधा इतकी नसते. खोल खळगा पडत असेल तर तो वेगळा विषय आहे, त्याकडे पुढे येते.) आणि वजन. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, इतका सरळ हिशेब आहे. चरबी चार दिवसांत दीड किलो वाढत नाही आणि तीन दिवसांत उतरतही नाही. तुमची अंगठी आणि तुमचा काटा दोन्ही बोलताहेत, त्यामुळे तुमच्या बाबतीत थोडं तरी पाणी आहे असं मी धरून चालते. सोबत आतड्याचाही वाटा असू शकतो, बहुतेकींमध्ये दोन्ही मिसळलेलं असतं.

हे पाणी का साठतं याची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे, पण कळली तर पुढचं सगळं सोपं जातं. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं. गंमत म्हणजे हे प्रोजेस्टेरॉन किडनीत अल्डोस्टेरॉनची, म्हणजे मीठ धरून ठेवायला लावणाऱ्या संप्रेरकाची, वाट अडवतं, म्हणजे मीठ बाहेर जाऊ देतं. शरीराला मीठ गमावलेलं चालत नाही, म्हणून ते रेनिन (अल्डोस्टेरॉनला चालना देणारं द्रव्य) आणि अल्डोस्टेरॉन वाढवून मीठ धरून ठेवायला लागतं. दुसरीकडे इस्ट्रोजेनमुळे पाणी राखणारं संप्रेरक नेहमीपेक्षा लवकर सुटतं. शिवाय या दिवसांत केशवाहिन्यांतून पाणी आजूबाजूच्या ऊतींमध्ये जास्त झिरपतं. त्यामुळे एखादीच्या अंगातलं एकूण पाणी फारसं वाढलेलं नसतं, ते फक्त जागा बदलतं. काट्यावर काहीच दिसत नाही आणि अंग मात्र जड वाटतं, असं होतं ते यामुळे.

हे सगळं "पाळीआधी" होतं असं आपण म्हणतो, पण सूज नेमकी कधी सर्वात जास्त असते? २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन अभ्यासात ६२ बायकांनी वर्षभर रोज नोंदी ठेवल्या, एकूण ७६५ पाळीचक्रं. सूज सर्वात जास्त नोंदवली गेली ती रक्तस्राव सुरू झाला त्या पहिल्या दिवशी. मला हा अभ्यास आवडतो, कारण गोळी कधी घ्यायची याचं उत्तर त्यात दडलेलं आहे. आठवडाभर आधी गोळ्या सुरू करून पाळी आली की थांबवणाऱ्या बायका नेमका सुजेचा दिवस सोडून देतात.

आता गोळीकडे वळू. पामाब्रोम हे चहा-कॉफीतल्या कॅफीनच्या आणि दम्यासाठी वापरल्या जाणाऱ्या थिओफिलिनच्या घराण्यातलं औषध आहे. या घराण्याचं काम किडनीवर हलकं असतं. रक्त थोडं जास्त गाळलं जातं आणि मीठ थोडं कमी परत शोषलं जातं. किती हलकं, याचा एक मजेशीर पुरावा देते. खेळाडूंच्या उत्तेजक चाचण्यांमध्ये लघवी वाढवणाऱ्या औषधांवर बंदी असते, कारण वजन उतरवायला किंवा दुसरं औषध लपवायला ती वापरली जातात. पण जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी-यादीत पामाब्रोमला नाव घेऊन सूट दिलेली आहे. लबाडी करण्याइतकाही जोर त्या गोळीत नाही, असं म्हणायला हरकत नाही! मैत्रीण "सौम्य" म्हणाली ते खरंच आहे. मात्र औषध सौम्य असलं की गुणही सौम्यच येतो. दीड किलोची सूज त्या गोळीनं एका दिवसात गायब होईल अशी आशा धरू नका. अंगठी फिरायला लागली, तर ती लागू पडली असं समजा.

वेष्टनावरची नेहमीची मात्रा अशी असते: ५० मिलिग्रॅमची एक गोळी, गरज लागली तर सहा तासांनी पुन्हा, आणि चोवीस तासांत २०० मिलिग्रॅमच्या वर नाही. मी कोणाला हो म्हणते तेव्हा याच्या निम्म्यावर सुरुवात करायला सांगते. सकाळी एक, दुपारी एक, सोबत पेलाभर पाणी. संध्याकाळनंतर घेऊ नका, नाहीतर रात्री लघवीला उठावं लागेल, आणि कॅफीनची बहीण असल्यानं काहींची झोपही जाते. त्या दिवसांत कॉफी नेहमीइतकीच ठेवलीत तर दोन बहिणी एकत्र येऊन छातीत धडधड, हात थरथरणं, जळजळ असा त्रास देऊ शकतात. कॉफी अर्ध्यावर आणा. दिवस किती? सूज जाणवायला लागल्यापासून पाळीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, म्हणजे साधारण चार-पाच दिवस. त्याहून जास्त दिवस लागत असेल तर गोळीची मुदत वाढवू नका, तपासणी करून घ्या.

आणि हो, पाळी ठरल्या दिवशी आली नाही तर पुढची गोळी घेण्याआधी गर्भाची चाचणी करा. सुरुवातीच्या गर्भारपणात पोट फुगणं, स्तन दुखणं हे अगदी पाळीआधीसारखंच असतं. गर्भार असताना किंवा अंगावर पाजत असताना ही गोळी स्वतःहून घ्यायची नाही.

किडनीचं म्हणाल, तर निरोगी किडनीच्या बाईनं महिन्यातून चार दिवस, सांगितलेल्या मात्रेत घेतली तर भिण्यासारखं काही मला दिसत नाही. पण "निरोगी" हा शब्द महत्त्वाचा. किडनीचा, यकृताचा किंवा हृदयाचा आजार असेल, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, लिथियम चालू असेल (हे मूडच्या आजारावरचं औषध, त्याची रक्तातली पातळी अशा औषधांनी हलते), दम्यासाठी थिओफिलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. जेवणाच्या बाबतीत स्वतःला फार कोंडून घेणाऱ्या, रोज काट्यावर उभ्या राहणाऱ्या मुलींनाही मी ही गोळी देत नाही. वजन खाली आलेलं पाहण्याचा मोह तिथून सुरू होतो आणि कुठे जातो ते मी पाहिलं आहे.

एक सापळा मात्र तुमच्या प्रश्नात नाही आणि मला तोच सर्वात मोठा वाटतो. पाळीच्या त्रासासाठी म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत पामाब्रोम एकटं नसतं. नेहमीचं मिश्रण म्हणजे एका गोळीत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, २५ मिलिग्रॅम पामाब्रोम आणि १५ मिलिग्रॅम पायरिलामिन नावाचं सर्दी-अ‍ॅलर्जीच्या जातीचं, गुंगी आणणारं औषध. एका वेळी अशा दोन गोळ्या घ्यायला सांगितलेलं असतं. म्हणजे एका मात्रेत एक ग्रॅम पॅरासिटामॉल. बाई ती घेते, पोट दुखायचं थांबत नाही म्हणून वर साधी पॅरासिटामॉल घेते, अंग कसकसतंय म्हणून सर्दीची गोळी घेते, तिच्यातही पॅरासिटामॉलच. मोठ्या माणसाला दिवसाला चार ग्रॅम ही वरची हद्द, आणि ती नकळत ओलांडली जाते. यकृताला धोका तिथे आहे. त्यामुळे घ्यायचीच तर फक्त पामाब्रोम असलेली घ्या आणि वेष्टनाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. तुम्हाला दुखण्याची तक्रार नाहीच, मग दुखण्याचं औषध कशाला?

दुखण्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, नॅप्रोक्सेन या गोळ्या पाळीच्या कळांवर उत्तम चालतात, मी स्वतः लिहून देते. पण त्या किडनीला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतात. दोन-तीन दिवस सलग घेऊन "यंदा सूज जास्त आहे" म्हणत येणाऱ्या बायकांना मी आधी हेच विचारते, कळांसाठी काय घेतलं? एका हातानं पाणी अडवायचं आणि दुसऱ्या हातानं ते काढायची गोळी घ्यायची, यात किडनीची फरफट होते. उलट्या-जुलाब होत असतील, पाणी कमी प्यायलं असेल, तर हे दोन प्रकार एकत्र नकोतच. तशीच पाण्यात फसफसणारी वेदनाशामक गोळी. तिच्या एका गोळीत सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम असू शकतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी दोन ग्रॅमच्या आत सोडियम सांगते, म्हणजे साधारण पाच ग्रॅम मीठ. अशा चार गोळ्यांत जवळजवळ दिवसाचा सगळा वाटा संपतो, आणि कोणी त्याला मीठ समजत नाही.

"ही सौम्य, मग जोरदार का नको?" हा प्रश्न तुमच्या मनात आला नसेल, पण महिन्याभरात येईल, म्हणून आत्ताच सांगते. फ्युरोसेमाइडसारख्या गोळ्या घरातल्या कोणा हृदयरुग्णाच्या डब्यातून उचलून घेतल्या जातात. माझ्याकडे एक पस्तिशीची बाई आली होती. सुरुवातीला पाळीआधी फक्त दोन दिवस घ्यायची, मग आठवडा, मग रोज. थांबवली की चार दिवसांत तीन किलो वजन वाढायचं, चेहरा सुजायचा, म्हणून घाबरून पुन्हा सुरू. ती समजत होती की तिला सुजेचा आजार आहे. खरं तर गोळीनं शरीराला सतत कोरडं ठेवलं होतं, त्यामुळे रेनिन-अल्डोस्टेरॉन कायम चढलेलं. गोळी काढली की अडवायला कोणी नाही, मीठ-पाणी धो-धो साठायचं. पोटॅशियमही बरंच खाली गेलेलं, पिंडऱ्यांत गोळे यायचे. आम्ही गोळी बंद केली, मीठ कमी केलं आणि तिला सांगितलं की दोन-तीन आठवडे सूज सोसावी लागेल, मग शरीर आपोआप ताळ्यावर येईल. आलंही. पण ते तीन आठवडे तिनं मला रोज फोन केला. पामाब्रोमनं इतकं होत नाही. तरीही "थांबवलं की वाढतं, म्हणून थांबवायचं नाही" ही साखळी लक्षात ठेवा. तिची पहिली कडी सौम्य गोळीचीही असू शकते.

गोळीआधी काय करून पाहावं? मीठ कमी करणं, हे ऐकून कंटाळा आला असेल, पण पाळीच्या दहा दिवस आधीपासून करा, दोन दिवस आधी करून उपयोग नाही. पाकिटबंद खारे पदार्थ आणि बाहेरचं खाणं यांत बरंच मीठ लपलेलं असतं. पाणी कमी पिऊ नका. पाणी तोडलं की शरीर ते आणखी घट्ट धरतं. शौचाला साफ होईल याची काळजी घ्या, रोज अर्धा तास चाला. पिंडरीचे स्नायू पायातलं पाणी वर ढकलतात. संध्याकाळी पाय उंच ठेवून वीस मिनिटं पडा. या शेवटच्या उपायाला लोक हसतात, पण आडवं झाल्यावर किडनीकडे रक्त जास्त जातं आणि लघवी आपोआप वाढते. फुकटची गोळीच ही.

कॅल्शियमबद्दल मात्र मी आग्रही आहे. १९९८ साली ४६६ बायकांवर झालेल्या चाचणीत रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम घेणाऱ्यांची पाळीआधीची एकूण लक्षणं तिसऱ्या पाळीपर्यंत ४८ टक्क्यांनी उतरली. पाणी साठणं त्या लक्षणांत होतं. आता त्याच चाचणीतला दुसरा आकडा बघा. ज्यांना नुसती खोटी गोळी दिली होती त्यांचीही लक्षणं ३० टक्क्यांनी उतरली. मी तो आकडा मुद्दाम सांगते, कारण "मैत्रिणीला पामाब्रोमनं फरक पडला" हे ऐकताना तो मनात असावा. फरक खरा असतो, पण त्यातला गोळीचा वाटा किती, हे एका महिन्यावरून कळत नाही. कॅल्शियम आहारातून भागत असेल तर उत्तम. मूतखडा होऊन गेला असेल तर गोळ्या विचारूनच. आणि तीन महिने धीर धरावा लागतो, इथेच बहुतेक जणी सोडून देतात.

सूज खरोखर जास्त असेल, दर महिन्याला कामात अडथळा येत असेल, तर आमच्याकडे स्पायरोनोलॅक्टोन आहे. ते थेट अल्डोस्टेरॉनला अडवतं, म्हणून या सुजेच्या मुळाशी जातं. पण ते चिठ्ठीचं औषध आहे. पोटॅशियम चढू शकतं, गर्भ राहण्याची शक्यता असताना चालत नाही. ज्यांना गर्भनिरोधक गोळी तशीही हवी आहे त्यांच्यासाठी ड्रॉस्पिरेनोन असलेली गोळी हा एक पर्याय असतो; ते स्पायरोनोलॅक्टोनच्याच नात्यातलं आहे, पाणी साठू देत नाही. पण रक्तात गुठळी होण्याचा धोका, धूम्रपान, अर्धशिशी हे सगळं बघून ठरवायचं असतं, इथे लिहून देता येत नाही. आणि तुमचा मुख्य त्रास चिडचिड, रडू येणं, उदास वाटणं असा असेल, तर लघवीच्या कोणत्याही गोळीनं तो जाणार नाही. एके काळी आम्हा डॉक्टरांनाही वाटायचं की मेंदूत पाणी साठून मूड जातो. १९४० च्या दशकात त्यासाठी अमोनियम क्लोराइड देत. ती समजूत केव्हाच मागे पडली.

मघाशी खोल खळग्याचा विषय अर्धा सोडला होता. पाळी संपूनही सूज उतरत नसेल, पायावर खळगा पडत असेल, लघवीला फेस येत असेल, सकाळी चेहरा सुजत असेल, तर आधी लघवीची, किडनीची, थायरॉइडची तपासणी. एकाच पायाला सूज आणि दुखणं असेल, विशेषतः गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. ती गुठळी असू शकते. धाप लागत असेल तर वाट बघूच नका. आणि पोट फुगणं पाळीच्या तालाला धरून नसेल, महिन्यातले बारा-पंधरा दिवस होत असेल, दोन घासांत पोट भरत असेल, तर सोनोग्राफी करून घ्या. पन्नाशीच्या आसपास तर नक्कीच, कारण अंडाशयाचा कर्करोग सुरुवातीला असाच "गॅस होतो" म्हणून येतो. घाबरवत नाही, पण हे लिहिल्याशिवाय मला हे उत्तर पाठवता येणार नाही.

तुमच्यासाठी माझा सल्ला असा: ही पाळी आणि पुढची पाळी गोळीशिवाय जाऊ द्या आणि रोज सकाळी लघवी-शौच झाल्यावर, काही खाण्याआधी वजन लिहा. बेंबीच्या पातळीवर टेपनं पोट मोजा, अंगठी फिरते की नाही ते लिहा, शौचाला झालं का तेही. दोन महिन्यांत चित्र साफ होईल. वजन आणि अंगठी दोन्ही हलत असतील तर तिसऱ्या महिन्यात पामाब्रोम करून पाहा, नोंदी तशाच चालू ठेवून. वजन जागेवर आणि नुसतं पोट दोन-तीन इंच वाढत असेल, तर पैसे वाचवा आणि आतड्याकडे लक्ष द्या. तोवर अंगठी मात्र पाळीच्या आठवड्यात काढूनच ठेवा. सुजलेल्या बोटातून ती कापून काढायची वेळ दोघींवर आलेली मी पाहिली आहे.